मार्कोनी आणि चोरटे कान

(द्वितीय वर्ष कला)

बिनतारी संदेशयंत्राचा शोध कोणी लावला, या प्रश्नाचे उत्तर आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेले असते. उत्तर लिहिले की एक गुण मिळतो आणि मार्कोनी संपतो. माझ्यापुरताही तो तसाच संपला होता. मी इतिहासाची विद्यार्थिनी. पहिल्या महायुद्धावरील पुस्तके चाळताना तो मला पुन्हा भेटला, आणि या वेळी तो मला अगदी वेगळाच वाटला. हवेत सोडलेला शब्द ज्याच्यासाठी सोडला त्याच्याच कानी पडावा, वाटेतल्या कोणी तो उचलू नये, या एका प्रश्नाने त्याची चाळीस वर्षे पाठ सोडली नव्हती. एकदा तर या प्रश्नाने भर सभेत त्याची फजिती केली. ही बाजू आपल्या क्रमिक पुस्तकांत येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुग्लिएल्मो मार्कोनीचा जन्म २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या शहरी झाला. वडील ज्युसेप्पे हे सधन जमीनदार. आई ॲनी जेम्सन ही आयर्लंडची, तिथल्या नामांकित मद्य-व्यावसायिक घराण्यातली. बोलोन्याजवळ पोंतेक्कियो येथे 'व्हिला ग्रिफोने' हा त्यांचा मोठा वाडा होता. पोराचे शाळेत लक्ष नव्हते. विद्यापीठात त्याला प्रवेश मिळाला नाही. पण शेजारीच ऑगुस्तो रीगी नावाचे भौतिकशास्त्राचे नामवंत प्राध्यापक राहत. त्यांनी त्याला आपल्या प्रयोगशाळेत येऊ दिले, ग्रंथालयातली पुस्तके वापरू दिली. विद्यापीठात न जाता मोठा झालेला शास्त्रज्ञ म्हणून मार्कोनीचे कौतुक पुष्कळांनी केले आहे. मला मात्र येथे थोडे थांबावेसे वाटते. श्रीमंताच्या मुलाला प्रवेश नाकारला गेला, तर शेजारचा प्राध्यापक त्याला स्वतःचे दार उघडून देतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या आळीत प्राध्यापक राहत नाहीत. तेव्हा मार्कोनीच्या उदाहरणावरून कोणी कॉलेज सोडण्याचा विचार करीत असेल, तर आपल्या शेजारी कोण राहते हे त्याने आधी पाहून घ्यावे.

१८९४ साली जर्मन शास्त्रज्ञ हर्ट्झ वारला. विजेच्या ठिणगीतून अदृश्य लहरी निघतात आणि त्या दूरवर टिपता येतात, हे त्याने सिद्ध केले होते. रीगींनी त्याच्यावर मृत्युलेख लिहिला. वीस वर्षांच्या मार्कोनीच्या तो वाचनात आला आणि त्याच्या डोक्यात एकच कल्पना शिरली : या लहरींवरून तारेचा कडकट्ट का पाठवू नये? वाड्याच्या माळ्यावर त्याने प्रयोग मांडले. वडिलांना हे पैशाचे आणि वेळेचे वाटोळे वाटे. आई मात्र मुलाच्या पाठीशी खंबीर उभी राहिली. पुढे १८९५ मध्ये यंत्रे बागेत आणि बागेतून शेतात गेली. उंच खांबावर एक तार बांधायची आणि दुसरी जमिनीत पुरायची, ही युक्ती त्याला सापडली आणि अंतर झपाट्याने वाढले. थोरला भाऊ आल्फोन्सो टेकडीपलीकडे बंदूक घेऊन बसला होता. खूण पोहोचली तर त्याने बार काढायचा. बार निघाला. मधली टेकडी आड येऊनही लहर पोहोचली होती.

इटलीत कोणी विशेष दाद दिली नाही, तेव्हा आईच मुलाला घेऊन १८९६ च्या फेब्रुवारीत लंडनला गेली. तिच्या माहेरच्या माणसांची तेथे ओळखपाळख होती. बंदरावरच्या जकात अधिकाऱ्यांनी ती विचित्र पेटी उघडून यंत्र मोडून टाकले, अशी हकीकत सांगतात. त्याने ते पुन्हा जुळवले आणि २ जून १८९६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला. ब्रिटिश टपाल खात्याचे मुख्य अभियंते विल्यम प्रीस यांनी त्याला हात दिला. १८९७ मध्ये ब्रिस्टलच्या खाडीवरून संदेश गेला, त्याच वर्षी कंपनी निघाली. १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडून फ्रान्सशी संधान जुळले. हा सारा भाग आपल्याला ठाऊक असतो, म्हणून मी तो भराभर सांगून टाकते.

आता अडचण पाहू. तारेतून जाणारा संदेश चोरायचा तर तारेपाशी जावे लागते. बिनतारी संदेश मात्र गावात दवंडी पिटावी तसा चहूकडे जातो. पाटलाने दवंडी पिटवली आणि ती फक्त तुकारामानेच ऐकावी असे म्हटले, तर ते कसे जमायचे? आणि मार्कोनीचे मोठे गिऱ्हाईक कोण? तर आरमार. ब्रिटिश आरमाराने १९०० साली त्याच्याकडून ३२ यंत्रे घेण्याचा करार केला. लढाऊ जहाजाचे बोलणे षट्कर्णी झाले तर जहाजच बुडायचे. म्हणजे गुप्तता राखता आली नाही, तर हा शोध एक नवलाईचे खेळणे होऊन राहणार होता.

मार्कोनीने यावर जे उत्तर काढले, त्याचे पेटंट प्रसिद्ध आहे. क्रमांक ७७७७, साल १९००. उत्तर असे, की पाठवणारे यंत्र आणि घेणारे यंत्र एकाच सुरात लावायचे. आपल्याकडे गाणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. दोन तंबोऱ्यांच्या तारा एका सुरात लावल्या आणि एक छेडली, तर दुसरी आपोआप झंकारते. वेगळ्या सुरातली तार मात्र गप्प राहते. तसेच, ज्याला सूर ठाऊक आहे त्याच्याच यंत्रात संदेश उमटेल. एकाच वेळी अनेक जोड्या आपापल्या सुरात बोलतील, एकमेकांच्या पायात पाय येणार नाहीत, आणि परक्याच्या हाती काही लागणार नाही. शेवटची गोष्ट मार्कोनी वर्तमानपत्रांना छातीठोकपणे सांगू लागला.

तंबोऱ्याचा दृष्टान्त चांगला आहे, पण त्या काळच्या यंत्राला तो पुरता लागू पडत नव्हता. आमच्या पदार्थविज्ञानाच्या सरांनी मला हे समजावून दिले. त्या वेळची लहर ठिणगीतून निघे. ठिणगी म्हणजे तार छेडणे नव्हे, ते घमेल्यावर दगड आपटणे आहे. आवाज मोठा, क्षणात विरणारा, आणि त्यात एक शुद्ध सूर नसतो, शंभर सुरांचा गोंधळ असतो. आजूबाजूचे जे जे कंप पावू शकते ते ते थोडेफार कंप पावते. म्हणून असली लहर टिपायला अचूक सूर माहीत असण्याची गरजच नव्हती. साध्या, कोणत्याच सुरात न लावलेल्या यंत्रालाही ती ऐकू येई.

हे ज्याने जगाच्या चव्हाट्यावर मांडले, तो माणूस शास्त्रज्ञांच्या पंगतीतला नव्हता. नेव्हिल मास्केलिन हा जादूगार. वडीलही जादूगार, लंडनमध्ये त्यांचे स्वतःचे नाट्यगृह. नेव्हिलला बिनतारी यंत्रांचा नाद होता आणि तो स्वतः ती बनवीत असे. पण मार्कोनीच्या पेटंटांनी सगळ्या वाटा अडवून धरल्या होत्या. दुसरीकडे समुद्राच्या तळाशी तारा टाकणाऱ्या कंपन्या धास्तावल्या होत्या. त्यांतली मोठी कंपनी ईस्टर्न टेलिग्राफ. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरील पोर्थकर्नो येथून निघालेली तिची तार जिब्राल्टर, माल्टा, सुएझ, एडनमार्गे १८७० साली आपल्या मुंबईला येऊन पोहोचली होती. या कंपनीने मास्केलिनला कामाला लावले. मार्कोनीचे पोल्डू येथील मोठे केंद्र त्याच किनाऱ्यावर जवळ होते. मास्केलिनने पोर्थकर्नोला एक उंच खांब उभारला, तारा बांधल्या आणि ऐकत बसला. फार कष्ट पडले नाहीत. 'कार्लो आल्बेर्तो' या इटालियन युद्धनौकेसाठी निघालेले संदेश त्याच्या कागदी फितीवर आपसूक उमटू लागले. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने ते 'द इलेक्ट्रिशियन' या नियतकालिकात छापून टाकले.

हे वाचताना मला आमच्या आजीची आठवण झाली. तिला अक्षरओळख नव्हती. चुलत आजोबा मुंबईला गिरणीत होते, त्यांचे कार्ड आले की ते वाचून घ्यायला तिला शेजारी जावे लागे. वाचणारा चांगला माणूस होता, पण कोणाला किती कर्ज झाले, कोणाची सोयरीक मोडली, हे आमच्या घराआधी पाराला कळे. पत्र आमच्या नावाचे, पैसे भरून आलेले, आणि तरीही ते आमचे नाही, याचे आजीला जे दुःख होते ते मी तिच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. त्यामुळे चोरून ऐकण्याची गोष्ट मला केवळ आरमाराची आणि राजेमहाराजांची वाटत नाही.

मास्केलिनने पुढचा डाव टाकला तो ४ जून १९०३ रोजी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्या दिवशी मार्कोनीचे सल्लागार प्राध्यापक जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांचे व्याख्यान होते. सभागृह विद्वानांनी आणि प्रतिष्ठितांनी भरलेले. व्याख्यानाच्या शेवटी दूर कॉर्नवॉलमध्ये बसलेला मार्कोनी पोल्डूहून संदेश पाठवणार आणि तो सर्वांसमक्ष उमटणार, असा बेत होता. वेळ होत आली तसा फ्लेमिंगचा सहाय्यक आर्थर ब्लॉक याला एक बारीक टिकटिक ऐकू येऊ लागली. चित्रे दाखवण्याच्या दिव्यात कसलीशी गडबड होत होती. त्याला मोर्सची लिपी येत असल्यामुळे त्याच्या ध्यानी आले, की ही गडबड नव्हे, ही अक्षरे आहेत. उंदीर या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द पुन्हा पुन्हा येत होता. मग यंत्राच्या फितीवर एक टवाळीची कविता उमटू लागली. इटलीचा एक तरुण जनतेला कसा झकास गंडवतो आहे, असा तिचा आशय. त्यामागोमाग शेक्सपिअरच्या नाटकांतली फिरवून घेतलेली वचने आली. फ्लेमिंगना कमी ऐकू येत असे, त्यामुळे ते शांतपणे बोलत राहिले. मार्कोनीचा खरा संदेश येण्याच्या थोडे आधी तो आगंतुक थांबला, आणि समारंभ वरकरणी तरी निर्विघ्न पार पडला.

फ्लेमिंगना मागाहून सारे कळले, तेव्हा ते संतापले. त्यांनी 'टाइम्स'ला पत्र लिहून हा शास्त्राच्या क्षेत्रातला पुंडपणा असल्याचे म्हटले आणि गुन्हेगार शोधून काढायला वाचकांना मदत मागितली. गुन्हेगार दोन दिवसांतच त्याच वर्तमानपत्रात हजर झाला. मास्केलिनने कबुली दिली. आपल्या वडिलांच्या नाट्यगृहातून त्याने साध्या यंत्राने लहरी सोडल्या होत्या. त्याचे म्हणणे असे होते, की सुरात लावलेल्या यंत्रात परक्याला शिरकाव नाही असे तुम्ही लोकांना सांगत आलात, तेव्हा ते खरे की खोटे हे लोकांना कळायलाच हवे होते.

या प्रकरणात बरोबर कोण? मी बराच विचार केला. मास्केलिन काही निःस्वार्थी नव्हता. तारकंपनीचे पैसे त्याने घेतले होते. सभेत टवाळी करणे हे सभ्यपणाचेही नव्हे. तरीसुद्धा माझे मत त्याच्याच बाजूला झुकते. फ्लेमिंगनी त्या पत्रात शिष्टाचाराबद्दल पुष्कळ लिहिले, पण यंत्रात परका शिरलाच कसा याचे उत्तर त्यांना देता आले नाही. कुलूप नाही असे दाखवून देणाऱ्याला चोर म्हणून धरायचे, आणि कुलूप आहे असे सांगून दार उघडे ठेवणाऱ्याला मोठा म्हणायचे, हे मला पटत नाही.

या सुमारास मार्कोनीची कीर्ती मात्र कळसाला पोहोचली होती. १२ डिसेंबर १९०१ रोजी न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे पतंगाला बांधलेल्या तारेवर त्याने पोल्डूहून आलेली तीन टिंबे ऐकली होती. अटलांटिक ओलांडला गेला होता. त्या वेळी वापरलेला पाऱ्याचा ग्राहक आपल्या जगदीशचंद्र बसूंच्या कल्पनेवर बेतलेला होता, असे संशोधकांनी अलीकडे साधार मांडले आहे. बसूंनी तशा ग्राहकाचे वर्णन १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे केले होते. १९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनी आणि जर्मनीचे ब्राऊन यांना विभागून मिळाले. ज्याला विद्यापीठाने दारात उभे केले नाही, त्याला पुढे विद्यापीठांनी सन्मानाच्या पदव्या दिल्या. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा मदतीची हाक मारणारे फिलिप्स आणि ब्राइड हे दोघे तरुण मार्कोनीच्याच कंपनीचे नोकर होते. सातशेवर माणसे वाचली ती त्या हाकेमुळे. तेथे लहर चहूकडे गेली हेच तर भाग्य ठरले. त्याच वर्षी इटलीत मोटारीच्या अपघातात मार्कोनीचा उजवा डोळा गेला.

मग महायुद्ध आले. ५ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिशांनी जर्मनीच्या समुद्राखालच्या तारा कापून टाकल्या. जर्मनीला बाहेरच्या जगाशी बोलायला प्रामुख्याने बिनतारी लहरी उरल्या, आणि त्या ऐकायला ब्रिटिश किनाऱ्यावर माणसे कान देऊन बसली होती. लंडनच्या आरमार खात्यातील चाळीस क्रमांकाच्या खोलीत ते संदेश उलगडले जात. पूर्वेकडे त्याच महिन्यात रशियन सेनापतींनी तर आपले हुकूम साध्या भाषेत पाठवले, जर्मनांनी ते ऐकले, आणि टॅनेनबर्गच्या लढाईत रशियाचे एक सबंध सैन्य नष्ट झाले. जे १९०३ मध्ये सभागृहातल्या टवाळीपुरते होते, त्याची किंमत आता माणसांच्या जिवाने मोजली जात होती. मार्कोनी कंपनीचा अभियंता राउंड याने याहून पुढची गोष्ट साधली. संदेश उलगडला नाही तरी लहर कोणत्या दिशेने आली हे मोजता येते. १९१६ मध्ये जटलंडच्या आरमारी युद्धाआधी जर्मन जहाजे बंदरातून हलली, ती अशाच मोजणीने कळली. म्हणजे शब्दांना सांकेतिक लिपीचे कुलूप घातले तरी लहर स्वतः चुगली करतेच.

इटली युद्धात उतरल्यावर मार्कोनी मायदेशी सेवेला गेला. १९१६ साली जेनोआजवळ फ्रँकलिन या सहकाऱ्यासह त्याने जो प्रयोग सुरू केला, तो मला त्याच्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अटलांटिकपेक्षाही महत्त्वाचा. शत्रूच्या कानी पडणार नाही अशी लहर हवी होती. सूर जुळवून ते साधत नाही, हे एव्हाना पुरते कळले होते. तेव्हा त्याने दिशा धरली. कंदिलाचा उजेड चहूकडे पसरतो, पण मागे आरसा लावला की त्याचा झोत होतो. तसा तारांचा वक्र आरसा करून त्याने लहरींचा झोत केला. झोताबाहेर जो आहे त्याला काही ऐकूच येणार नाही. मात्र आरसा लहरीच्या लांबीपेक्षा मोठा असावा लागतो, आणि त्या वेळच्या लहरी हजारो मीटर लांबीच्या असत. एवढा आरसा कोण बांधणार? म्हणून त्याने लहरच आखूड केली, दोन-तीन मीटरपर्यंत खाली आणली.

गंमत अशी, की असे आरसे त्याने १८९६ मध्येच सॉल्सबरीच्या माळावर वापरून दाखवले होते आणि मग लांब अंतराच्या मागे लागून वीस वर्षे अडगळीत टाकले होते. आपण लांब लहरींच्याच चाकोरीत अडकून पडलो, हे १९२२ साली न्यूयॉर्कच्या भाषणात त्याने स्वतःच मान्य केले. इतक्या मोठ्या माणसाने भर सभेत असे म्हणावे, याचे मला फार अप्रूप वाटले. तोवर हौशी मंडळींनी, ज्यांना निरुपयोगी म्हणून आखूड लहरी देऊन टाकल्या होत्या, त्यांनी त्यांवरूनच अटलांटिकपार बोलून दाखवले होते.

१९२३ मध्ये मार्कोनी 'एलेत्रा' या आपल्या जहाजावरून केप व्हर्दे बेटांपर्यंत गेला. पोल्डूहून ९७ मीटरची लहर अगदी थोड्या शक्तीनिशी त्याच्यापर्यंत पोहोचत होती. पुढच्या वर्षी ३२ मीटरच्या लहरीने दिवसाही काम भागते असे आढळले. जुलै १९२४ मध्ये ब्रिटिश सरकारशी करार झाला. इंग्लंड आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका व हिंदुस्थान यांच्यात झोताची केंद्रे उभारायची, आणि दर मिनिटाला शंभर शब्द दोन्ही बाजूंनी गेलेच पाहिजेत. मास्केलिन त्याच वर्षी वारला.

आणि येथे माझ्या वाचनात एक ओळ आली, ती मी तीनदा वाचली. हिंदुस्थानातील झोतकेंद्र १९२७ मध्ये सुरू झाले, ते पुण्याजवळ. संदेश सोडण्याचे केंद्र खडकीला आणि टिपण्याचे केंद्र दौंडला! माझा तालुका दौंड. इंग्रजीत तेव्हा ते स्पेलिंग निराळे असल्याने पुस्तकात मला ते आधी ओळखूच आले नाही. दौंड म्हणजे जंक्शन, दौंड म्हणजे भीमेचे पात्र, एवढेच आजवर ठाऊक. पण लंडनचे कापसाचे भाव आणि साहेबांचे खलिते इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील ग्रिम्सबीहून निघून आमच्या माळावर उतरत होते. दोन केंद्रे इतकी दूर का, असे मी सरांना विचारले. आपणच मोठ्याने ओरडत असताना दूरचे कुजबुजणे ऐकू येत नाही, म्हणून तोंड एका गावी आणि कान दुसऱ्या गावी ठेवायचे, असा त्याचा अर्थ. या तोंड-कानाच्या जोडीत आमच्या गावाच्या वाट्याला कान आला होता.

झोतामुळे संदेश इतके स्वस्त झाले, की तारकंपन्यांचे कंबरडे मोडले. १९२९ मध्ये दोन्ही धंदे एकत्र करून टाकावे लागले. त्या वेळच्या चर्चेत सरकारने एक मुद्दा मात्र सोडला नाही. समुद्राखालच्या जुन्या तारा महाग असल्या तरी राखल्याच पाहिजेत, कारण युद्धकाळी गुपित सांगायला तारच भरवशाची. म्हणजे मार्कोनीच्या झोतावरही पूर्ण विश्वास नव्हता, आणि तो नसणे योग्यच होते. झोत अरुंद असला तरी हजारो मैलांत तो पसरतो, आणि ज्याचे घर झोताच्या वाटेवर आहे त्याला कोण अडवणार? हिंदुस्थानातली कंपनी १९३२ मध्ये तारकंपनीत मिसळली आणि १९४७ मध्ये सरकारने ती ताब्यात घेऊन परदेश संचार सेवा सुरू केली. जुन्नर भागात आर्वी येथे १९७१ साली उपग्रहाकडे तोंड करून जी मोठी थाळी उभी राहिली, ती याच सेवेची.

मार्कोनीने गुप्ततेचे जे दोन मार्ग धरले, त्यांची शास्त्रीय मोजदाद पुढे दुसऱ्यांनी केली. अमेरिकेत शॅननने १९४९ मध्ये गुप्त संदेशांचे गणित मांडले. वायनरने १९७५ मध्ये असे सिद्ध केले, की चोरून ऐकणाऱ्याला खऱ्या ऐकणाऱ्यापेक्षा अधिक अस्पष्ट ऐकू येत असेल, तर कसलीही किल्ली आधी न ठरवता गुपित राखता येते. मला त्यातले गणित कळत नाही, पण मर्म कळते. शब्दाला कुलूप घालण्याऐवजी वाटच अशी करायची, की परक्याच्या कानी नुसता खळखळाट पडावा. आज एकाच मनोऱ्यावर अनेक ॲन्टेना बसवून मोबाइलची लहर एकेका माणसाच्या दिशेने वळवता येते, आणि उरलेल्या दिशांना मुद्दाम गोंगाट सोडता येतो. खिशातल्या यंत्रात सांकेतिक कुलूप असतेच, त्याखाली हा दुसरा पहारा.

मार्कोनीचे शेवटचे दशक लिहिताना माझा हात जड होतो. १९०५ मध्ये बिअट्रिस ओब्रायन हिच्याशी झालेला विवाह १९२४ मध्ये मोडला, १९२७ मध्ये त्याने मारिया क्रिस्तिना हिच्याशी दुसरा विवाह केला. ते ज्याचे त्याचे. पण १९२३ मध्ये तो मुसोलिनीच्या पक्षात गेला. त्याच्या राजवटीत तो राष्ट्रीय संशोधन मंडळाचा आणि इटलीच्या शाही अकादमीचा अध्यक्ष झाला. अकादमीसाठी सुचवलेल्या नावांच्या यादीत ज्यू विद्वानांच्या नावापुढे त्याने एक अक्षर लिहून खूण केल्याचे अभ्यासकांना कागदपत्रांत सापडले आहे. त्याच्या अध्यक्षपदाच्या काळात एकही ज्यू अकादमीत आला नाही. स्वतः विद्यापीठाच्या दाराबाहेर उभा राहिलेला माणूस दुसऱ्यांसाठी दार लावून घेतो, हे मला आजही कळत नाही. त्याच्या चरित्रांतून हा भाग अनेक वर्षे गाळला गेला, म्हणून मी तो मुद्दाम येथे लिहिला.

काम त्याने थांबवले नाही. लहर तो आखूड आखूड करीत गेला. १९३३ मध्ये व्हॅटिकन आणि पोपचा उन्हाळी वाडा यांच्यात त्याने सुमारे साठ सेंटिमीटरच्या लहरीवर बोलणे जोडून दिले. आरसा आता खोलीत मावेल एवढा झाला होता आणि झोत पूर्वीपेक्षा कितीतरी बारीक. २० जुलै १९३७ रोजी रोममध्ये हृदयविकाराने त्याचा अंत झाला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनच्या टपाल खात्याची बिनतारी केंद्रे दोन मिनिटे बंद ठेवण्यात आली.

पोंतेक्कियोच्या त्या वाड्याखालीच त्याची समाधी आहे आणि गावाला आता सास्सो मार्कोनी म्हणतात. सूर जुळवण्याच्या त्याच्या अमेरिकी पेटंटातील महत्त्वाचे दावे मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४३ च्या जूनमध्ये रद्द केले. लॉज, टेस्ला आणि स्टोन यांनी ते काम आधीच केले होते, असा निकाल लागला. तो ऐकायला मार्कोनी नव्हता आणि मास्केलिनही नव्हता.